फळ्यावरची दोन नावं

१४ जुलै, रविवार

लिलावघराची वही वेगळी, ही वेगळी. तिच्यात हवा, आलेली गुरं, विकलेली गुरं, एवढंच. हिच्यात जे बर्निसला सांगता येत नाही ते.

सांगता येत नाही ते असं, की मला भीती वाटते. अठ्ठावीस वर्षं मी ब्रेनर गावच्या लिलावघरात गुरं पुकारतो आहे, आणि ते माझ्या मालकीचं व्हायच्या आधी सात वर्षं त्याच घरात शेण ओढलं आहे. हजार किलोचा वळू फाटकाला धडका देत असताना मी हसत हसत बोली चढवली आहे. पण ॲनीने अर्ज भरला त्या दिवसापासून दुपारचा घास घशाखाली उतरत नाही.

ॲनी म्हणजे ॲनिका, माझ्या धाकट्या भावाची मुलगी. ती अकरा वर्षांची असताना ट्रॅक्टर उलटून भाऊ गेला. आई त्याआधीच घर सोडून गेली होती. तेव्हापासून ती आमची. नर्स झाली आणि शहरात न जाता इथल्याच दवाखान्यात राहिली. दोन वर्षांपूर्वी दवाखान्याने बाळंतपणाचा विभाग बंद केला. मागच्या हिवाळ्यात नव्वद मैलांवरच्या दवाखान्याकडे निघालेली एक बाई रस्त्याकडेला गाडीतच बाळंत झाली. ॲनी सोबत होती. बाळ राहिलं नाही.

एक आठवडा गेला. मग एक दिवस जेवताना म्हणाली, "काका, मी प्रतिनिधीगृहाच्या जागेला उभी राहतेय."

बर्निसने बटाट्यांचं भांडं खाली ठेवलं. मी म्हणालो, "मीठ दे जरा."

१६ जुलै, मंगळवार

लिलावाचा दिवस. गुरं थोडी, गप्पा फार. डोंगरात वणवा लागलाय, त्याचा धूर खोऱ्यात उतरलाय.

एल्मर ग्रूब नेहमीसारखा पहिल्या बाकावर. ऐंशीला टेकला आहे, चाळीस गाई आहेत, आणि गाईंपेक्षा मतं जास्त. म्हणाला, "हे दोघांचं नाटक कुणी काढलं रे, लायल? एका कागदावर नऊ नावं. पक्ष कुठलाही असो, पहिले दोघे नोव्हेंबरात जाणार, तिसरा घरी. पूर्वी कसं, आपापल्या पक्षाने आपापला एकेक घोडा निवडायचा."

"पूर्वी तुला दातही होते," मी म्हणालो.

"दात गेले ते तुझ्या कॅन्टीनच्या मांसाने गेले."

मग सगळे फळ्याकडे बघायला लागले. गुरांच्या वजनकाट्यावर एक फळा आहे. आमच्या राज्यात ही दोघांची पद्धत आली तेव्हापासून दर दोन वर्षांनी, मतदान संपायच्या आधीच्या मंगळवारी, मी त्यावर दोन नावं लिहितो. ज्याला पटत नाही त्याने खाली आपली दोन लिहायची. चुकणाऱ्याने गुरांच्या काट्यावर उभं राहायचं, आणि मी त्याचं वजन लिलावासारखं पुकारायचं. एल्मर तीनदा चढलाय. मी आठ वेळांत एकदाही नाही.

यात जादू नाही. लिलावात जो फार बोलतो तो घेत नाही. घेणारा भुवई हलवतो. मी नुसतं नाव टाकतो आणि कान उघडे ठेवतो. क्लेटन व्हॉस, बाहेरून आलेल्यांना हाकला म्हणणारा, त्याचं नाव टाकलं, तर माणसं कॉफीच्या कपात बघायला लागली. मरे पेल्टन, जुने न्यायाधीश, त्यांच्या नावाला "हं, बरा माणूस." ॲनीचं नाव घेतलं, तर सगळ्यांचे चेहरे खुलले. तिघांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आपलीच पोर, लायल."

एवढा एकमुखी आवाज मी आजवर ऐकला नव्हता. ॲनी पहिल्या दोघांत नक्की. भीती आहे ती दुसऱ्या जागेची.

२० जुलै, शनिवार

मतपत्रिका टपालाने आल्या. आमच्याकडे मत घरीच भरून, पाकिटावर सही करून पाठवायचं. दोन पाकिटं टेबलावर पडून आहेत.

सकाळी ॲनीची सभा वाचनालयात होती. बाहेर व्हॉसची सहा माणसं खांद्याला बंदुका अडकवून उभी. कायद्याने त्यांना उभं राहता येतं. ती कुणाला अडवत नाहीत, बोलत नाहीत. एक जण फक्त येणाऱ्या-जाणाऱ्याचे फोटो काढतो. मी त्याला विचारलं, "काय रे बाळा, लग्नाचं काम मिळालं नाही वाटतं?"

तो अगदी नम्रपणे म्हणाला, "नाही काका. कोण कोण आलं ते आठवणीत राहावं म्हणून." आणि माझा एक काढला.

आत एकवीस खुर्च्या भरल्या होत्या, ठेवलेल्या होत्या साठ. एल्मर नव्हता. शेजारची मंडळी नव्हती. माझ्या लक्षात आलं ते असं, की लोकांना ॲनीची खात्री आहे. जिची खात्री असते तिच्या सभेला कोण येतो.

२१ जुलै, रविवार

चर्चहून येताना मोजलं. आमच्या रस्त्यावर ॲनीच्या नावाच्या अकरा पाट्या होत्या, आज चार. मी शेजारच्या हॉलिसला कुंपणावरून विचारलं. तो पाइप गुंडाळत होता. म्हणाला, "गवत कापायचं होतं रे. लावतो परत."

गवत धुराने आणि उन्हाने करपून गेलंय. पण असेल, एखाद्याचं मन गवतात असतं.

बर्निसने माझे बटणांचे सगळे शर्ट कपाटातून काढले आणि टिचबटणांचे आणले. म्हणते, बाजारात हेच शोभतात. शोभतात खरे.

२३ जुलै, मंगळवार

आज जे सुचलं ते मांडून ठेवतो.

लिलावानंतर एल्मर काट्याजवळ थांबला. इकडेतिकडे बघून म्हणाला, "लायल, व्हॉस आला तर काय होईल रे? माझ्या सुनेचे आईबाप मेक्सिकोतल्या मिचोआकानचे आहेत, तुला ठाऊक आहे. तिने घराबाहेर पडणं कमी केलंय."

मी त्याला हिशेब सांगितला. जागा दोन. एकीवर ॲनी बसल्यात जमा. उरली एक. तिच्यासाठी व्हॉस आणि पेल्टन झगडतायत. मग व्हॉस नको असणाऱ्या माणसाने काय करावं? ॲनीला आणखी एक मत देऊन काय होणार, भरलेल्या घागरीत पाणी. तेच मत पेल्टनला दिलं तर व्हॉस दारातच अडकतो, आणि नोव्हेंबरात दोन भले लोक समोरासमोर. मग खुशाल ॲनीला द्या.

एल्मरने काट्याच्या सुईकडे बघितलं. "ॲनीची खात्री आहे ना पण?"

"एल्मर, मी आठ वेळा चुकलो नाही."

"मग आमच्या घरची चार पेल्टनला," तो म्हणाला. त्याचा चेहरा सुटला. खूप दिवसांनी मला कुणाला तरी हलकं करता आलं. संध्याकाळपर्यंत आणखी पाच-सहा जणांना सांगितलं.

२६ जुलै, शुक्रवार

ॲनी जेवायला आली होती. बारीक झालीय. गाडीच्या मागच्या काचेला तडा आहे. म्हणाली दगड उडाला. मी विचारलं नाही कुणी उडवला.

जेवण झाल्यावर म्हणाली, "काका, एक मागू? या वेळी फळ्यावर माझं नाव लिहू नकोस."

"का? दृष्ट लागेल?"

"लोक निर्धास्त होतील. तुझा फळा रेडिओवर वाचून दाखवतात. मला तिसरी येण्याची भीती आहे, काका. तिसऱ्याला काही नसतं."

"मग खोटं लिहू? पुतणी म्हणून नाव गाळलं तर लोक म्हणतील, लायलला स्वतःलाच खात्री नाही."

ती माझ्या कपाकडे बघत होती. बर्निसने नवे जड कप आणलेत, दोन्ही हातांनी धरायचे. "हात कसा आहे?" तिने विचारलं.

"कालवडीने मनगटावर लाथ मारली होती, तोच. जुना आहे."

"ती लाथ डाव्या हाताला होती." मग म्हणाली, "मी ज्या डॉक्टरांचं नाव दिलं होतं त्यांना फोन केलास?"

"निवडणूक होऊ दे."

नर्स लोकांना सगळीकडे आजारच दिसतात.

३० जुलै, मंगळवार

लिहिली. वर ॲनिका टॉरसेट, खाली मरे पेल्टन. खडू दोनदा मोडला. ओलसर होता.

कुणीच खाली दुसरी नावं लिहिली नाहीत. एल्मर म्हणाला, "या वेळी काटा उपाशीच राहणार." सगळे हसले. रेडिओवाल्याने फोटो काढला. समोरच्या वळणावर एक पांढरी ट्रक उभी होती, तिच्यातल्यानेही काढला.

आता वाटतं, "वर" लिहिलं ते बरं केलं की नाही. पण कान सांगतात ते लिहायचं, हा माझा नियम आहे.

३१ जुलै, बुधवार

नाश्त्याच्या टेबलावर दोघांनी मतपत्रिका भरल्या. बर्निसने शाळकरी मुलीसारखा हात आडवा धरला होता. मी म्हणालो, "बघत नाही ग बाई. तू ॲनीशिवाय कुणाला देणार आहेस ते साऱ्या खोऱ्याला ठाऊक आहे."

ती म्हणाली, "तू कुणाला देतोयस?"

मी तिला घागरीचा हिशेब सांगितला. जे दुसऱ्याला सांगितलं ते आपण केलं नाही तर मी कसला सांगणारा. मी पेल्टनपुढचा गोल भरला. बर्निस माझ्याकडे बराच वेळ बघत होती. मग तिने आपलं पाकीट चिकटवलं. दोन्ही मी स्वतः चौकातल्या मतपेटीत टाकली.

एक गोष्ट चांगली आहे. या वहीत एका पानावर पस्तीस ओळी मावतात. मागच्या वहीत चोवीसच मावायच्या. बर्निसला म्हटलं, यापुढे हीच आणत जा. ती म्हणाली, "तीच आहे, लायल."

६ ऑगस्ट, मंगळवार

मतदान आज संपलं. रात्री सव्वाआठला पहिले आकडे आले. ॲनीच्या कचेरीत चाळीस माणसं, पिझ्झाची खोकी, आणि सगळे एका पडद्यासमोर.

व्हॉस पहिला. चांगला पुढे. पेल्टन दुसरा. ॲनी तिसरी, चौदाशे मतांनी मागे.

ॲनीने पिझ्झाचा एक तुकडा उचलला आणि खाल्ला, सगळ्यांना दिसेल असा. मग म्हणाली, "उशिराच्या पाकिटांत आपले लोक आहेत. चौदा दिवस मोजणी आहे. घरी जाऊन झोपा."

माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काका, तूसुद्धा."

मी गाडीत बसलो आणि किल्ली भोकात जाईना. बर्निसने चालवली.

७ ऑगस्ट, बुधवार

मी लोकांना काय सांगितलं ते आठवत बसलो. ज्यांची नावं आठवतात ते सव्वीस. त्यांच्या घरची मिळून किती, देव जाणे. आणि रेडिओ ऐकणारे?

कपात बघणारे व्हॉसचे होते. घाबरलेले वाटले होते मला. आणि ॲनीच्या नावाला जे हसले ते मला हसले. तिच्या काकासमोर, त्याच्याच छपराखाली, त्याचीच कॉफी पीत, दुसरं काय करणार होती माणसं.

हे आज लिहितो आहे. आठ वर्षांचं पोर सांगू शकलं असतं.

९ ऑगस्ट, शुक्रवार

रोज दुपारी चारला आकडे येतात. साडेतीनपासून मी काही धरू शकत नाही. आज फरक आठशे नव्वद. कमी होतोय.

निवडणूक कचेरीकडून एक पाकीट आलं. मत पोचल्याची पोच असणार. ड्रॉवरमध्ये टाकलं.

१२ ऑगस्ट, सोमवार

तीनशे दहा. तरुण मंडळींची उशिराची पाकिटं. एल्मरचा फोन आला, "येतेय रे पोर! वळणावर गाठतेय." मग जरा थांबून, "लायल, मी त्या चार मतांचं कुणाला बोललेलो नाही."

"मीही नाही," मी म्हणालो. मग दोघांनीही घाईने फोन ठेवला, चोरी करून आलेल्या माणसांनी ठेवावा तसा.

ॲनीला मी अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं, वारा उलटा होता. लोक घाबरले. पाट्या काढल्या. तेही खरंच आहे. पण त्यांना पळायला वाट मी दाखवली.

१५ ऑगस्ट, गुरुवार

एकोणीस मतं.

दोन लाखांच्या मोजणीत एकोणीस. टपालाने आलेली सगळी पाकिटं संपली. आता उरली ती फक्त सहीची. पाकिटावरची सही कचेरीतल्या जुन्या सहीशी जुळली नाही की ते पाकीट न उघडता बाजूला ठेवतात. मतदाराला पत्र जातं, त्याने अर्जावर पुन्हा सही करून पाठवली तर मत मोजतात. सोमवारी दुपारी साडेचारपर्यंत मुदत. अशा लोकांची यादी कुणालाही मिळते, म्हणून ॲनीची माणसं आणि पेल्टनची माणसं दोन्ही दारोदार फिरतायत, आपापल्या लोकांच्या सह्या गोळा करत.

बर्निस म्हणाली, "यादीत कोण कोण असतं?"

"पोरंटोरं. ज्यांची सही अजून बसलेली नसते. नाहीतर म्हातारे."

ती उठून भांडी घासायला गेली. भांडी स्वच्छ होती.

१७ ऑगस्ट, शनिवार

जसं झालं तसं लिहितो.

दुपारी दोनला ॲनीची गाडी अंगणात आली. धुरामुळे सूर्य तांब्याच्या नाण्यासारखा दिसत होता. ती जवळजवळ पळतच आत आली, हातात कागद. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसत होती.

"काका, तू पत्र उघडत नाहीस का रे? यादीत तुझं नाव आहे! तुझं पाकीट अजून बंदच पडलंय. फरक सात आहे, फक्त सात, आणि माझं एक हक्काचं मत कचेरीच्या कपाटात झोपलंय."

तिने अर्ज टेबलावर ठेवला, पेन काढलं.

मी म्हणालो, "आज हात ठीक नाही. उद्या करतो."

"एक सही, काका."

"सोमवारपर्यंत मुदत आहे ना."

बर्निस ओट्याशी उभी होती, पाठ आमच्याकडे. ॲनी हसत हसतच म्हणाली, "अरे, मी दिवसभरात साठ पायऱ्या चढले. एका म्हाताऱ्याने तर बाथरूममधून सही करून दिली. तू माझा काका आहेस."

तिने पेन माझ्या बोटांत दिलं. ते कागदावर टकटक वाजायला लागलं. दार ठोठावल्यासारखं. थांबेना. ती हाताकडे बघत राहिली. हसू हळूहळू गेलं.

मी म्हणालो, "ॲनी, हा कागद नेऊ नकोस. त्या पाकिटात तुझं नाव नाही."

तिला कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. घागर, एल्मर, सव्वीस माणसं, फळा. खुर्चीच्या पाठीकडे बघत सांगितलं. लिलावात मी एका मिनिटाला अडीचशे शब्द बोलतो. हे सांगायला किती वेळ लागला माहीत नाही.

ती नळाशी गेली. पेलाभर पाणी प्यायली. पुन्हा भरला, पुन्हा प्यायली.

"मी तुला सांगितलं होतं, नाव लिहू नकोस."

"हो."

"मला वाटलं होतं, लोक घाबरले."

"तेही होतंच."

"ते मी सोसलं असतं." मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. "सही कर."

"ऐकलंस ना मी काय म्हणालो?"

"ऐकलं. दहा दिवस मी लोकांना सांगतेय, प्रत्येकाचं मत मोजलं गेलं पाहिजे. आज एका बाईच्या दारी सांगितलं, ती बहुतेक पेल्टनचीच होती. तिचा अर्ज माझ्या गाडीत आहे. तुझा फाडू? कर सही."

तिने कागद एका हाताने दाबून धरला आणि दुसरा हात माझ्या कोपराखाली ठेवला, आजाऱ्याला उभं करताना ठेवतात तसा. मी सही केली. शेजारी कचेरीने छापलेली माझी जुनी सही होती, लायसनवरची, टॉरसेटचा ट सोडलेल्या दोरासारखा मोठा. आजची मुंगी चालून गेल्यासारखी. पत्रात लिहिलं होतं: दोन्ही सह्या एकाच व्यक्तीच्या वाटत नाहीत.

ॲनीने दोन्ही सह्यांवरून बोट फिरवलं. "डॉक्टरांना फोन मी करते," म्हणाली. आवाज नर्सचा होता, पुतणीचा नव्हता.

अर्ज घेऊन निघाली. दारात बर्निसने तिला जवळ घेतलं आणि सोडेचना. मला वाटलं, पोरीच्या दुःखाने रडतेय.

२० ऑगस्ट, मंगळवार

मोजणी जाहीर झाली. व्हॉस. पेल्टन. ॲनी तीन मतांनी मागे. इतका कमी फरक असला की हाताने फेरमोजणी होते. पंधरा दिवस लागतील.

लिलावानंतर मी स्वतःच काट्यावर चढलो. एल्मर म्हणाला, "उतर रे, फेरमोजणी आहे अजून." मी म्हणालो, "ॲनी पहिली येणार असं लिहिलं होतं मी. पुकार."

तो सुईजवळ गेला. बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं. लायसनवर माझं वजन एकशे ब्याण्णव पौंड आहे. त्याने काहीच पुकारलं नाही. पहिल्यांदाच कुणाचं वजन पुकारलं गेलं नाही. फक्त माझा हात धरून मला खाली उतरवलं, आणि फळा आपल्या बाहीने पुसला.

वळणावर पांढरी ट्रक नव्हती. आता कशाला असेल.

५ सप्टेंबर, गुरुवार

आजपासून मी सांगतो आणि बर्निस लिहिते. डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं. नाव ॲनीला वर्षभरापासून ठाऊक होतं, आणि आता कळतंय की बर्निसलाही. गोळ्या सुरू आहेत. लिलाव पुकारायला दुसरा माणूस बघावा लागेल.

फेरमोजणी संपली. फरक तीनच राहिला. नोव्हेंबरात व्हॉस आणि पेल्टन. ॲनीने सकाळी पेल्टनना फोन करून शुभेच्छा दिल्या, आणि दुपारी त्यांच्या पाट्या आणायला गेली. एल्मरच्या अंगणात पहिली लावणार म्हणाली. तिथली सून अजून बाहेर पडत नाही. मला पेल्टनचीही भीती वाटते, म्हणजे ते हरतील याची. कोण जिंकणार असं रेडिओवाल्याने विचारलं. मी म्हणालो, माझे कान गेले.

ॲनी माझ्याशी बोलते. रोज औषधाची वेळ विचारते. काका म्हणते. पण जेवायला अजून आलेली नाही.

एक गोष्ट मी पडल्या पडल्या मोजत असतो, ती लिहून ठेव, बर्निस. माझं मत पेल्टनच्या पारड्यातून काढून ॲनीच्या पारड्यात टाकलं असतं, तर तीनचा फरक एक झाला असता. एक राहिलाच असता. म्हणजे बाकी कसंही असो, आमच्या घरातून तिचं काही गेलं नाही. एल्मरने नेलं असेल, हॉलिसने नेलं असेल. माझ्या एकट्याच्या मताने ती हरलेली नाही. एवढं तरी मी धरून आहे. लिहिलंस?

लिहिलं.

हे पुढचं मी माझ्या मनाने लिहितेय, त्याला वाचून दाखवणार नाही. मीही पेल्टनलाच दिलं होतं, ३१ जुलैला, याच टेबलावर, हात आडवा धरून. तो आठ वेळा चुकला नव्हता.